खाजेचे बिऱ्हाड

"दिवाळीच्या अंकात खाजेवर लिहिणार?" असे संपादकांनी फोनवर विचारले. त्यांचा स्वर ऐकून चकलीत केस सापडल्यासारखे त्यांना झाले असावे, हे मी ओळखले. फराळाचे ताट समोर घेऊन वाचायचा अंक. त्यात ही कसली भाषा? पण मी माझ्या म्हणण्याला चिकटून राहिलो. त्याचे कारण असे की, गेली काही वर्षे नवरात्र संपून दिवाळी जवळ आली, की माझा दवाखाना खाजेने भरून जातो. चार महिने दमट घरात अर्धेमुर्धे वाळलेले कपडे अंगावर चढलेले असतात, त्यावर ऑक्टोबरचे ऊन पडते, घाम येतो आणि जो तो म्हणतो, "वैद्यबुवा, नरकचतुर्दशीच्या आत एवढे बरे करा." पहिल्या आंघोळीला तेल-उटणे लागणार, नवे कपडे अंगावर चढणार, पाहुणे येणार. चारचौघांत बसल्यावर हात नको तिथे जातो, त्याची लाज कोणाला सांगावी?

तेव्हा वाचकहो, फराळ आधी आटोपून घ्या आणि मग हे वाचा.

माझा दवाखाना भाईंदरला. मी इथे आलो तेव्हा भाईंदरला महापालिका नव्हती. १९८५ साली झालेली नगर परिषद होती. गाडीतून उतरले की मिठागरांतले पांढरे ढीग दिसत. २००२ साली महापालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती आठ लाखांवर गेली. मिठागरांच्या शेजारी इमारती उठल्या, इमारतींत एक खोली आणि स्वयंपाकघर अशी हजारो बिऱ्हाडे थाटली गेली. खाडीचा दमट वारा मात्र तसाच आहे. या बिऱ्हाडांत पाच-सहा माणसे, एक दांडी, आणि त्या दांडीवर पावसाळ्यात तीन-तीन दिवस न वाळणारे कपडे. सकाळी चर्चगेटच्या लोकलमध्ये एकमेकांच्या घामाला घाम लावीत तास-सव्वा तास उभे राहायचे, आणि संध्याकाळी तसेच परत यायचे. आमच्या गावातल्या खाजेचा निम्मा इतिहास एवढ्यात आला.

आता ज्या घराची गोष्ट सांगायची त्या घराकडे वळतो. घर भाईंदर पूर्वेचे. यजमान स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामावर. हे कारखाने आमच्या गावचे एक जुने भूषण. तुमच्या घरातला एखादा डबा तिथे चकाकून आला असण्याचा संभव आहे. पण त्या चकाकीच्या मागे मशीनजवळचा उकाडा आणि भिजून चिंब झालेला सदरा असतो. घरात सासूबाई, सून आणि आठवीतली मुलगी. सून माझ्याकडे गेल्या वर्षी जुलैत आली. मांडीच्या सांध्यात, काखेत आणि छातीखाली खाज. लाल, मधे निवळलेले, कडेला उठलेले चट्टे. वर्षभर चालले होते. "कधी कमी होते, पुन्हा दुपटीने येते," असे ती म्हणाली.

मी काय केले ते सांगतो, कारण त्यातच या लेखाचे मूळ आहे. मी तिची नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट साफ होते का ते विचारले. होत नव्हते. झोप नव्हती, चिडचिड होती. मी मनाशी निदान केले की हे रक्तदुष्टीचे काम, आणि मंजिष्ठादी काढा, गंधक रसायन, रात्री त्रिफळा असे लिहून दिले. आंबट, लोणची, दही बंद. बाई निष्ठावान, तिने सगळे पाळले. पोट साफ होऊ लागले, झोप थोडी सुधारली. चट्टे मात्र दोन महिन्यांत कमरेपर्यंत चढले.

तिसऱ्या खेपेला तिच्याबरोबर मुलगी आली होती. शाळेच्या गणवेशाच्या कॉलरखाली तिच्या मानेवर एक वर्तुळ होते, रुपयाएवढे, कडेला बारीक पुरळ. ते पाहताच माझ्या पोटात धस्स झाले. रक्तदुष्टी काही आईच्या मानेवरून मुलीच्या मानेवर उडी मारीत नाही. हा नायटा होता, ज्याला आपण गजकर्ण म्हणतो आणि ग्रंथांत दद्रु म्हटले आहे. मी आधी विचारायला हवा होता तो प्रश्न दोन महिन्यांनी विचारला: "ताई, अंगाला काय लावता?"

तिने पिशवीतून एक ट्यूब काढली. केमिस्टकडून आणलेली, कोणाच्याही चिठ्ठीशिवाय. माझा काढा पोटात आणि ही ट्यूब अंगावर, असे दोन्ही चालू होते. "ती लावली की दोन तासांत थंड वाटते, डॉक्टर," ती म्हणाली, "म्हणून तुम्हाला सांगितले नाही. तुम्ही रागवाल वाटले."

या ट्यूबविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण ती तुमच्या घरातही असण्याचा संभव आहे. ड्रेसिंग टेबलाच्या खणात पाहा. शेपटाकडून गुंडाळलेली, निम्मी संपलेली सापडेल. या मलमांत एकाच वेळी तीन-चार औषधे मिसळलेली असतात: एक बुरशीवरचे, एक-दोन जंतूंवरची आणि एक जबर स्टिरॉइड. खाज दोन तासांत थांबते ती या शेवटच्याच्या प्रतापाने. स्टिरॉइड हे काही विष नव्हे. १९५२ साली हायड्रोकॉर्टिसोनचे मलम त्वचेवर वापरून पाहिले गेले आणि इसबाच्या रोग्यांना त्याने जे सुख दिले ते त्याआधी कोणत्याही औषधाने दिले नव्हते. पण स्टिरॉइडचे काम काय, तर त्वचेची लढाई बंद पाडणे. इसबात त्वचा विनाकारण लढत असते, म्हणून तिला गप्प करणे योग्य. गजकर्णात मात्र त्वचेवर खरोखरच शत्रू चालून आलेला असतो, ट्रायकोफायटन जातीची बुरशी. तिथे पहारेकऱ्यालाच अफू पाजली तर चोर आरामात घरभर हिंडणार नाही तर काय? वरवर लाली ओसरते, खाज थांबते, आणि आतून बुरशी पसरत राहते. मलम बंद केले की आठ दिवसांत दुप्पट आग. मग पुन्हा मलम. चट्ट्याचे मूळ रूपच इतके बदलते की पाहणाऱ्याला तो गजकर्ण आहे हे ओळखू येत नाही. १९६८ सालीच दोन इंग्रज डॉक्टरांनी या प्रकाराला 'ओळख लपवलेला नायटा' अशा अर्थाचे लॅटिन नाव देऊन ठेवले आहे. त्यातून जांघेसारख्या कोवळ्या जागी ते महिनोन्महिने चोळले तर कातडी पातळ होऊन जे लांबट पांढरे ओरखडे उमटतात, ते जन्मभर जात नाहीत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलींच्या मांड्यांवर मी ते पाहिले आहेत.

२०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद करणारा बदल नियमांत केला. नियम चांगला आहे. पण आपल्याकडे केमिस्ट हाही एक प्रकारचा घरचाच माणूस. "भाऊ, खाजेची द्या हो एक" म्हटले की तो देतो, आणि आपण शेजारणीलाही तीच सुचवतो. निदान ट्यूबवरची बारीक अक्षरे तरी वाचावीत. नावाच्या शेवटी 'सोन' आले, जसे बीटामेथासोन, मोमेटासोन, किंवा क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल अशी नावे दिसली, तर ते स्टिरॉइड समजावे. क्लोट्रिमाझोल, ल्युलिकोनाझोल, केटोकोनाझोल यांच्या शेवटी 'झोल' आहे. ती बुरशीची औषधे. डोळ्यांना त्रास होतो खरा, पण चष्मा लावून एकदा वाचावे.

आता माझ्या बाजूचे. आमच्या शास्त्राला हे ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक असून मी विसरलो. चरकाने त्वचेच्या रोगांचे अठरा प्रकार मोजले आहेत, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. (इथे 'कुष्ठ' म्हणजे महारोगच असे समजून कोणी घाबरू नये, ग्रंथांत त्वचेच्या बहुतेक रोगांना हा शब्द आहे.) त्या अकरांत दद्रु निराळा आणि विचर्चिका निराळी. दद्रु म्हणजे खाजरे, लाल, पुटकुळ्यांचे, वर उठलेले मंडल. विचर्चिका म्हणजे काळसर पुटकुळ्या, खाज आणि पुष्कळ स्राव. हिलाच आपण बहुतेक वेळा इसब म्हणतो. गंमत अशी की सुश्रुताने हाच दद्रु उचलून महाकुष्ठांत नेऊन बसवला. विद्यार्थी असताना आम्ही यावर पुष्कळ वाद घातला. आज दवाखान्यात बसून वाटते, की सुश्रुताने अशी वर्षानुवर्षे न हटणारी चार-सहा घरे पाहिली असतील.

याच सुश्रुताने कुष्ठाच्या प्रकरणाच्या शेवटी आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे. अंगाला अंग लागणे, एका ताटात जेवणे, एका अंथरुणावर निजणे, एकमेकांची वस्त्रे, माळा आणि उट्या वापरणे, अशाने काही रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात. त्यांत त्याने कुष्ठ, ज्वर, शोष आणि डोळे येणे ही नावे घातली. हे मला तोंडपाठ होते. परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण समोर एक बाई बसली तेव्हा मी फक्त तिचे पोट विचारले. तिच्या अंथरुणात कोण निजते आणि तिचा टॉवेल कोण वापरते हे विचारले नाही.

माझ्या एका मित्राची सून त्वचारोगतज्ज्ञ आहे. तिच्याकडे मी मायलेकींना पाठवले. तिने चट्ट्याच्या कडेची थोडी खपली खरवडून काचेवर घेतली, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बुरशीचे धागे दिसले. एवढी साधी आणि स्वस्त तपासणी. पण ती करण्याऐवजी आपण वर्षभर ट्यूबा चोळतो आणि काढे पितो. तिने मला संध्याकाळी फोन केला. "काका, घरातल्या सगळ्यांना पाहिल्याशिवाय औषध सुरू करू नका. हे एकाचे काम नाही."

सगळ्यांना बोलावले. यजमानांच्या कमरेभोवती पट्ट्याखाली चट्टे होते. "घामोळे असेल म्हणून लक्ष दिले नाही," म्हणाले. राहिल्या सासूबाई. त्या यायलाच तयार नव्हत्या. मला मग कळले की त्या घरात गेले आठ महिने सुनेचे ताट-वाटी वेगळे ठेवले होते. देवाजवळ तिने जाऊ नये असेही सासूबाईंनी सांगितले होते. मुलीच्या मानेवर चट्टा दिसल्यावर तर कहरच झाला: "पोरीलाही लावलेस! उद्या तिला कोण पत्करील?" सून हे मला सांगताना रडली नाही, खाली पाहून पदराचे टोक गुंडाळीत राहिली.

शेवटी नातीने हट्ट धरला म्हणून आजी आल्या. आल्या त्या बसल्या आणि हात पुढे केला, "पाहा नाडी. मला काही झालेले नाही." मी नाडी पाहिली. ती उत्तम होती. मग मी त्यांना शेजारच्या खोलीत माझ्या पत्नीकडे पाठवले, तिने चहा देता देता काय विचारले ते मला ठाऊक नाही, पण दहा मिनिटांनी ती बाहेर आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, परकराच्या नाडीखाली सगळा पट्टा आहे. काळा पडलाय. दोन-तीन वर्षांचा तरी असेल."

मी हाताची नाडी पाहत बसलो होतो आणि रोग परकराच्या नाडीखाली होता!

यात आजींना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या बायकांची ही अगदी ठरलेली जागा. सुती किंवा त्याहून वाईट म्हणजे सिंथेटिक परकर, त्यावर दोरीसारखी घट्ट नाडी, तीच नाडी वर्षानुवर्षे, परकर धुतला तरी नेफ्यातला भाग ओला राहणारा. आणि जागा अशी की मुलालाही सांगता येत नाही, सुनेला सांगण्याचा तर प्रश्नच नाही. आजी रात्री गुपचूप खोबरेल लावीत. अंग पुसायचा टॉवेल घरात दोनच. ताट वेगळे केले होते, टॉवेल एकच होता. गजकर्ण ताटातून पसरत नाही. टॉवेलातून, चादरीतून, एकत्र भिजवलेल्या कपड्यांतून पसरतो. घरात पहिला कोणाला झाला हे आता कोणी सांगू शकणार नाही आणि सांगून उपयोगही नाही. पण आठ महिने ज्या सुनेने शिक्षा भोगली ती पहिली नव्हती एवढे नक्की.

हा रोग पूर्वी इतका चिवट नव्हता, हेही सांगितले पाहिजे. माझ्या तरुणपणी गजकर्ण म्हणजे तीन-चार आठवड्यांचे काम. १९५८ च्या सुमारास ग्रिसिओफल्विन आले, पुढे टर्बिनाफिनसारखी औषधे आली, आणि डॉक्टर लोक या रोगाला विसरूनच गेले होते. पण गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात त्याने उचल खाल्ली. बुरशीची एक जात अशी निघाली की तिच्यावर टर्बिनाफिनचा परिणामच होईना. २०२० साली जपानमध्ये राहणाऱ्या भारतीय आणि नेपाळी रोग्यांच्या त्वचेतून ती वेगळी काढून तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव दिले गेले. २०२३ साली न्यूयॉर्कमध्येही तिचे दोन रोगी सापडल्याची नोंद झाली. नावात 'इंडो' आहे. योग, गीता आणि आंबे यांच्या जोडीने आपण जगाला हेही पाठवतो आहोत, याचा अभिमान कसा बाळगावा हे मला समजत नाही. स्टिरॉइडमिश्रित मलमांचा या प्रकरणात मोठा हात आहे, असे त्वचारोगतज्ज्ञ म्हणतात, आणि माझ्या दवाखान्यातला अनुभव त्यांच्याच बाजूचा आहे.

"पण आयुर्वेदात यावर औषध नाही का?" असे तुम्ही विचाराल. आहे, आणि ते पहिल्या पावसानंतर आमच्या स्टेशनबाहेर जुडीने विकायला येते. टाकळा. पालघरकडच्या आदिवासी बाया टोपलीत घेऊन बसतात. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी आपण खातो. संस्कृतात त्याला चक्रमर्द म्हणतात, म्हणजे चक्राला, त्या गोल चट्ट्याला, चिरडणारा. दुसरे नाव तर दद्रुघ्न असे सरळच आहे. त्याचे बी आंबट ताकात वाटून लावण्याचा पाठ घरोघरी होता. आणि हे निव्वळ भाबडेपण नव्हते. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गोऱ्या मंडळींना हाच रोग जडला की ते त्याला 'धोबी इच' म्हणत. म्हणजे तेव्हाही कपड्यांवर संशय होता, फक्त खापर बिचाऱ्या धोब्यावर. त्यावर 'गोवा पावडर' नावाची पिवळट भुकटी मिळे. ती गोव्याची नव्हेच. ब्राझीलमधल्या अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातली. पोर्तुगीज व्यापारातून गोव्यात आली आणि गोव्याच्या नावाने जगभर गेली. १८७० नंतरच्या दशकात लंडनच्या बाल्मानो स्क्वायर या डॉक्टरने ती सोरायसिसवर वापरली. आणि पहिल्या महायुद्धात ती मिळेनाशी झाली तेव्हा जर्मनीत १९१६ साली तिच्या जागी जे कृत्रिम औषध आले, ते डायथ्रॅनॉल, सोरायसिसवर आजही वापरतात. या गोवा पावडरमधली द्रव्ये आणि आपल्या टाकळ्याच्या बियांतले क्रायसोफॅनॉल ही एकमेकांची भावकीच. आमच्या आज्या काही अगदीच अंधारात नव्हत्या.

मात्र हे वाचून कोणी उद्या टाकळ्याचे बी वाटायला बसू नये. गोवा पावडरही कातडी जाळी, कपडे डागाळी, डोळ्यांत गेली तर डोळे सुजवी. टाकळा आंबट ताकातून जांघेत लावलेल्या एका गृहस्थांना मी तीन दिवस पाय फाकून चालताना पाहिले आहे. हातावर एखादा नवा, लहान चट्टा असेल तर वैद्याच्या सल्ल्याने लावून पाहण्यास माझी हरकत नाही. पण ट्यूबांवर पोसलेला, घरभर पसरलेला जुना गजकर्ण टाकळ्याने जाईल असे मी म्हणणार नाही. मरिच्यादि तेल आणून लहान मुलांना चोळणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, की त्यात हरताळ आणि मनशीळ असतात, म्हणजे सोमलाची द्रव्ये. ते वैद्याच्या हातातले औषध आहे, फडताळातले नव्हे. आणि 'शुद्ध आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या, घटक न लिहिलेल्या डबीने दोन दिवसांत चमत्कार झाला, तर आनंदी होण्याऐवजी संशय घ्यावा. असल्या डब्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडले आहे.

पथ्याचेही तसेच. दूध आणि मासे एकत्र घेऊ नयेत असे ग्रंथ सांगतात, आणि मी ते पाळतो. पण उत्तनच्या कोळणीला तिच्या गजकर्णासाठी बोंबील सोडायला सांगणारा वैद्य मला मान्य नाही. पापलेट बंद केल्याने बुरशी उपाशी मेलेली मी पाहिलेली नाही.

मग त्या घरात आम्ही काय केले? पोटात घ्यायचे आणि वरून लावायचे बुरशीचे औषध त्वचारोगतज्ज्ञ मुलीने दिले, चौघांना एकाच दिवसापासून. आजींना रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्यामुळे त्यांचे औषध निराळे बेतले. ही औषधे यकृत आणि इतर गोळ्या पाहूनच द्यावी लागतात, हे विसरू नये. ट्यूब बंद झाली. पहिले दहा दिवस आग भडकली, ती भडकणार हे आधीच सांगून ठेवले होते म्हणून कोणी घाबरले नाही. आणि कपड्यांचे खाते माझ्याकडे आले. शास्त्रात 'निदान परिवर्जन' म्हणतात, म्हणजे आधी कारण दूर करा; ते या रोगात पोटाइतकेच बादलीत असते. माणशी एक टॉवेल, रंग वेगळा. आतले कपडे, परकर, चादरी वेगळ्या भिजवायच्या, हात सहन करणार नाही अशा, साठ अंशांच्या पाण्यात. ऊन असेल तेव्हा उलटे करून वाळत घालायचे. नसेल तेव्हा आतल्या बाजूने गरम इस्त्री, नेफ्यावर आणि शिवणीवर विशेष. नाड्या सगळ्या टाकून नव्या, रुंद आणि सैल. यजमानांनी कारखान्यातून आल्याबरोबर आंघोळ करून अंग, विशेषतः सांधे, पूर्ण कोरडे करायचे, मगच चहा. मुलीला जीन्स बंद. पोट साफ राहावे म्हणून त्रिफळा मी चालू ठेवला, तेवढा माझा मान राखायला कोणी हरकत घेतली नाही.

खाज सहा आठवड्यांत गेली. औषध मात्र चट्टे पूर्ण जाऊनही पुढे दोन-तीन आठवडे चालू ठेवले. बहुतेक लोक इथेच घसरतात. खाज गेली की औषध सोडतात, आणि उरलेली बुरशी दिवाळीचा फराळ खाऊन पुन्हा धष्टपुष्ट होते.

सगळीच खाज गजकर्णाची नसते, हे सांगायलाच पाहिजे, नाहीतर उद्या सगळे सूक्ष्मदर्शकाच्या मागे लागाल. कोपराच्या घडीत, गुडघ्यामागे, घोट्यावर कातडी जाड, कोरडी किंवा ओलसर होऊन वर्षानुवर्षे खाजत असेल, हवा बदलली की वाढत असेल, तर ती बहुधा विचर्चिका, इसब. ती एकाची दुसऱ्याला होत नाही. तिथे वैद्याने थोडी छाती पुढे काढायला हरकत नाही: साबण कमी, आंघोळ कोमट आणि थोडक्यात, अंग ओलसर असतानाच स्निग्ध लेप. शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळा पाण्यात घोटून धुतलेले तूप, कोरड्या आणि आग होणाऱ्या कातडीला निववते. भडकली असेल तर तज्ज्ञाने मोजून दिलेले स्टिरॉइड थोडे दिवस लावण्यातही काही पाप नाही. रात्री अंथरुणात, बोटांच्या बेचक्यांत आणि घरातल्या सगळ्यांना एकदम खाज सुटली तर खरूज समजावी. आणि अंगावर काहीच दिसत नसून सगळीकडे खाजत असेल, विशेषतः पन्नाशीनंतर, तर साखर, मूत्रपिंडे, यकृत आणि थायरॉइड तपासून घ्यावे. मुंबईत ज्यांना खर्चाची भीती वाटते त्यांनी वरळीचे पोदार आयुर्वेद रुग्णालय किंवा परळच्या केईएमचा त्वचारोग विभाग आठवावा. रांग मोठी असते, पण केमिस्टच्या ट्यूबेपेक्षा ती रांग स्वस्त पडते.

उटण्याचे राहिले. गजकर्ण असलेल्याने यंदा उटणे चट्ट्यांवर घासू नये. खरवडून तो फक्त पसरतो. तेल लावावे, पण चट्टे सोडून, आणि आंघोळीनंतर सांधे कोरडे पुसावेत. उटण्याची एकच वाटी घरभर फिरवू नये. सुश्रुताने उट्यांचे नाव घेतले होते, आठवते ना?

त्या घरची गेल्या वर्षीची दिवाळी औषधातच गेली. यंदा वसुबारसेच्या आदल्या दिवशी आजी, सून आणि नात तिघी फराळाचा डबा घेऊन आल्या. डबा अर्थातच त्यांच्याच कारखान्याचा, तोंड पाहावे असा लखलखीत. सुनेने चकल्यांचे ताट माझ्यापुढे ठेवले, आणि आजी म्हणाल्या, "चकल्या हिनेच केल्यात हो. माझा हात आता चालत नाही." मग खुर्चीवर बसून त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला.

"पाहा नाडी."

"कोणती, आजी?" मी विचारले.

आजींनी पदर तोंडाला लावला. माझी पत्नी आतून म्हणाली, "त्यांची मी पाहते. तुम्ही चकली खा."